दिसत नाही, वीज नेतो आणि आता वाकायलाही हवा: पडद्यामागच्या पापुद्र्याची गोष्ट

छत्रपती संभाजीनगरच्या पैठण गेटला जा किंवा लातूरच्या गंजगोलाईत, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, ‘डिस्प्ले गेला’. दुसरी, ‘टच गेला’. दुसऱ्या तक्रारीत चित्र स्वच्छ दिसत असतं, काचही धड असते, पण बोट लावलं तरी फोनला पत्ता लागत नाही. तिथे अनेकदा दगा दिलेला असतो तो डोळ्याला न दिसणाऱ्या एका थराने किंवा त्याच्या जोडणीने. हा थर काचेसारखा आरपार असतो आणि तरी त्यातून वीज वाहते.

हा थर सध्या दोन कारणांनी चर्चेत आहे. बाजारात घडी घालता येणारे फोन आले, आणि जुना थर घडी सोसत नाही. दुसरं म्हणजे फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने काही धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. त्या यादीत इंडियमशी संबंधित मालही होता, आणि जगातल्या बहुतेक पडद्यांवरचा हा थर इंडियमचाच असतो. मग त्याला पर्याय काय, आणि तो अजून सगळीकडे का आलेला नाही?

## हा थर नेमकं काय करतो?

टचस्क्रीनच्या काचेखाली आडव्या-उभ्या पारदर्शक पट्ट्यांचं जाळं असतं. पट्ट्यांमध्ये थोडा विद्युतभार साठलेला असतो. बोट जवळ आलं की त्यातला काही भार बोटाकडे ओढला जातो. कुठल्या आडव्या आणि कुठल्या उभ्या पट्टीपाशी हा फरक पडला ते चिप मोजते, आणि बोटाची जागा कळते. फवारणी करताना ओल्या हाताने फोन नीट चालत नाही त्याचं कारणही हेच: पाण्याचा थेंबही भार ओढतो आणि चिपला बोट व थेंब यांतला फरक कळेनासा होतो.

अशाच थराची गरज ओएलईडी पडद्याला आणि पातळ थरांच्या सौर पॅनेललाही असते. तिथे प्रकाश आत किंवा बाहेर जायला हवा आणि वीजही त्याच वाटेने नेली पाहिजे. गाडीच्या काचेवरचं दव घालवणारा पारदर्शक हीटरही याच जातीचा.

आज हे काम प्रामुख्याने इंडियम टिन ऑक्साइड करतं. कारखान्यात आणि प्रयोगशाळेत त्याला आयटीओ म्हणतात, आपणही तेच म्हणू. त्यात वजनाने साधारण ९० टक्के इंडियम ऑक्साइड आणि १० टक्के टिन ऑक्साइड असतं. निर्वात पेटीत आर्गॉन वायूचे आयन या मिश्रणाच्या ठोकळ्यावर आदळवतात, त्याचे कण उडतात आणि समोरच्या काचेवर बसतात. या पद्धतीला स्पटरिंग म्हणतात. थराची जाडी १०० ते २०० नॅनोमीटर. एक मिलिमीटर जाडी भरायला असे पाच ते दहा हजार थर एकावर एक रचावे लागतील.

## पारदर्शक वस्तूतून वीज कशी जाते?

एरवी या दोन गुणांचं जमत नाही. काच, प्लास्टिक, हिरा आरपार दिसतात, पण वीज नेत नाहीत. तांबं, चांदी, ॲल्युमिनियम वीज नेतात, पण त्यांतून पलीकडचं दिसत नाही. हा योगायोग नाही. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन प्रचंड असतात, तांब्याच्या एका घन सेंटिमीटरमध्ये साधारण ८.५ × १०²². प्रकाश आला की ही गर्दी लगेच हलते आणि त्याला परत फेकते. धातू चकाकतो तो त्यामुळेच.

आयटीओमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन तांब्याच्या साधारण शंभरावा हिस्सा किंवा त्याहून कमी असतात. इंडियमच्या जागी टिनचा अणू बसला की एक इलेक्ट्रॉन जास्तीचा उरतो, तो वीज वाहतो. संख्या इतकी बेताची असते की दृश्य प्रकाश अडत नाही, तो आरपार जातो. अवरक्त किरण, म्हणजे उष्णतेचे किरण, मात्र हा थर परतवू लागतो. शिवाय आयटीओमधल्या जागेवर बांधलेल्या इलेक्ट्रॉनांना सुटायला साडेतीन इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास किंवा थोडी जास्त ऊर्जा लागते. दृश्य प्रकाशाच्या कणाकडे फार तर ३.१ असते. त्यामुळे प्रकाश शोषलाही जात नाही.

म्हणजे हा सगळा तोल आहे. इलेक्ट्रॉन वाढवले की वीज चांगली वाहते, पण थर काळवंडतो. कमी केले की थर स्वच्छ दिसतो आणि वीज अडखळते. पुढे येणारा प्रत्येक पर्याय याच तोलाशी झगडतो. त्यात ‘वाक’ आणि ‘ताण’ या दोन अटींची भर पडते.

## मग तांबंच अगदी पातळ करून का लावत नाहीत?

हा प्रश्न रास्त आहे आणि विद्यार्थी तो नेहमी विचारतात. धातू १० नॅनोमीटरच्या आसपास पातळ केला की तो सलग बसत नाही. त्याची छोटी छोटी बेटं होतात, बेटांत फट राहते आणि वीज अडते. जाडी वाढवून बेटं जोडावीत तर प्रकाश अडू लागतो. तांब्याला वर गंजही चढतो, आणि इतक्या पातळ थरात गंज चढल्यावर तांबं फारसं शिल्लक राहत नाही.

धातू सोडायचा नाही, पण सलग थरही द्यायचा नाही, अशी वाट मात्र आहे. धातूची बारीक जाळी करायची, मधल्या मोकळ्या जागेतून प्रकाश जाऊ द्यायचा. आजचे बरेचसे आश्वासक पर्याय या एका कल्पनेतून निघाले आहेत. त्याआधी मोजण्याची भाषा समजून घेऊ, कारण दुकानदाराचा दावा तपासायला ती लागते.

## पाकिटावरचा आकडा: ‘ओहम प्रति चौरस’

पारदर्शक वाहक फिल्म विकत घेतली की तिच्यावर ‘१०० ओहम प्रति चौरस’ असं काही लिहिलेलं असतं. चौरस कुठला, एक सेंटिमीटरचा की एक फुटाचा? कुठलाही. सलग पातळ थराच्या चौरसाच्या एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत वीज नेली तर चौरस लहान असो की मोठा, रोध तेवढाच भरतो. लांबी दुप्पट झाली तर रुंदीही दुप्पट होते आणि हिशेब फिटतो. याला थराचा रोध म्हणू.

आयटीओची पट्टी १ सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर लांब असेल, तर तिच्यात असे १० चौरस मावतात. थराचा रोध १० ओहम असेल तर टोकापासून टोकापर्यंत १०० ओहम मिळतील. फोनच्या टचला शंभर-दीडशे ओहमचा थरही चालतो, कारण तिथे वीज अगदी थोडी वाहते. मोठ्या पडद्याला, सौर पॅनेलला किंवा हीटरला १० ओहमच्या आसपास हवा. काचेवर आयटीओ तापवून भाजता येतो, म्हणून १० ते १५ ओहम सहज मिळतात. प्लास्टिकवर तेवढी उष्णता देता येत नाही. पीईटी, म्हणजे पाण्याच्या बाटलीचंच प्लास्टिक, १५० अंशांच्या पुढे आकसतं. त्यामुळे प्लास्टिकवरचा तोच थर बऱ्याचदा ५० ते १५० ओहमचा असतो.

साध्या मल्टिमीटरने हा रोध मोजताना दोन चुका होतात. टोकदार प्रोब दाबून लावली की थर खरवडला जातो. आणि प्रोब व थर यांच्यामधला संपर्काचा रोधही त्यात मिसळतो, त्यामुळे आकडा फुगतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका रेषेत समान अंतरावरच्या चार टोकांची प्रोब असेल तर ती वापरावी. बाहेरच्या दोन टोकांतून वीज सोडायची, आतल्या दोहोंत व्होल्टेज मोजायचं, आणि व्होल्टेज भागिले प्रवाह याला ४.५३ ने गुणायचं. नमुना प्रोबच्या टोकांमधल्या अंतरापेक्षा बराच मोठा हवा. प्रोब नसेल तर पट्टीच्या दोन्ही टोकांना पूर्ण रुंदीभर सिल्व्हर पेस्टची रेघ ओढून सुकवावी आणि मल्टिमीटर त्या रेघांवर लावावा.

## वाकवलं की नेमकं काय होतं?

फिल्म वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दबते. किती ताणली जाते हे काढणं सोपं आहे: फिल्मची जाडी भागिले वाकाच्या त्रिज्येची दुप्पट. १२५ मायक्रॉनची पीईटी फिल्म ५ मिलिमीटर त्रिज्येत वाकवली तर ०.१२५ भागिले १०, म्हणजे १.२५ टक्के ताण. आयटीओ ही एक प्रकारची चिनीमातीच. एक ते दोन टक्क्यांच्या आसपास तिला तडे जातात.

आता तीच फिल्म शिसपेन्सिलीभोवती गुंडाळा. पेन्सिल साधारण ७ मिलिमीटर जाड, म्हणजे त्रिज्या ३.५. ताण जवळजवळ १.८ टक्के. थर बाहेरच्या बाजूला असेल तर तडा जवळपास ठरलेलाच. याचा पडताळा कुठल्याही कॉलेजात घेता येतो. आयटीओ लावलेल्या पीईटीची २ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. कापताना बोटांचे ठसे वाहक बाजूवर पडू देऊ नका. वाहक बाजू कुठली हे मल्टिमीटरच्या प्रोबा आडव्या, हलक्या टेकवून कळतं. पट्टीच्या लांबीच्या दोन्ही टोकांना सिल्व्हर पेस्ट लावून आधी रोध टिपा. मग थर बाहेर ठेवून पेन्सिलीभोवती गुंडाळा, पुन्हा मोजा. सरळ करून तिसऱ्यांदा मोजा. सरळ केल्यावर आकडा बराच खाली येतो, कारण तड्याच्या कडा पुन्हा टेकतात. पण तो मूळ जागी येत नाही.

इथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. तडे पेन्सिलीच्या लांबीला समांतर पडतात. त्यामुळे पट्टीच्या लांबीच्या दिशेने मोजलं तर रोध कितीतरी पटींनी वाढलेला दिसतो, आडव्या दिशेने मोजलं तर थोडाच. एखादा विक्रेता फक्त दुसरा आकडा दाखवत असेल तर सावध व्हा.

यावर दोन तोडगे आहेत. पहिला, फिल्म पातळ करायची. जाडी २५ मायक्रॉन केली की त्याच ५ मिलिमीटर वाकात ताण पाव टक्क्यावर येतो. घडीच्या फोनमधली वरची काच सुमारे ३० मायक्रॉनची असते ती याच हिशेबाने. दुसरा, ठिसूळ थर मधोमध ठेवायचा. बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते, म्हणजे मध्ये कुठेतरी ताणही नाही आणि दाबही नाही अशी एक पातळी असते. थराच्या वर खालच्या फिल्मइतकीच जाड आणि तितकीच ताठ दुसरी फिल्म चिकटवली की नाजूक भाग त्या पातळीवर येतो. घडीच्या पडद्यांच्या रचनेत या पातळीचा हिशेब फार काटेकोर ठेवावा लागतो, कारण तिथे एकावर एक अनेक थर असतात आणि मधला डिंक मऊ असतो.

## चांदीच्या काड्या

तुरीची रास झाली की तुराट्या रानात अस्ताव्यस्त पडलेल्या असतात. समजा एका मुंगीला फक्त तुराट्यांवरून चालत या बांधावरून त्या बांधावर जायचं आहे. तुराट्या विरळ असतील तर ती मध्येच अडकेल. थोड्या थोड्या टाकत गेलात तर एका ठरावीक दाटीला अचानक वाट जुळते. तुराटी जितकी लांब, तितक्या कमी तुराट्यांत वाट जुळते आणि खालची जमीन जास्त उघडी राहते. तुराटीचा भुसा केला तर तेवढ्याच वजनाच्या भुशात वाट जुळणं फार अवघड.

चांदीच्या नॅनोतारांचं गणित हेच आहे. तार ३० नॅनोमीटर जाड आणि २० मायक्रॉन लांब धरू. वाट जुळायला किती तारा हव्यात याचं सूत्र आहे: तारांची दाटी गुणिले लांबीचा वर्ग बरोबर साधारण ५.६. हिशेब केला तर एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे १४ हजार तारा लागतात. आकडा मोठा वाटतो, पण त्या सगळ्या मिळून एक टक्क्याहूनही कमी जागा झाकतात. रोध चांगला खाली आणायला याच्या अनेक पटींनी तारा घालाव्या लागतात, तरीही ५ टक्क्यांच्या आसपास जागा व्यापून काम भागतं. लांबी दुप्पट केली की वाट जुळायला तारा चौथ्या हिश्शात लागतात. म्हणून या क्षेत्रात सगळी धडपड लांब आणि बारीक तारेसाठी चालते.

चांदी महाग आहे हा आक्षेप इथे टिकत नाही. ५ टक्के जागा ३० नॅनोमीटरच्या तारांनी झाकायला एका चौरस मीटरला साधारण १२ मिलिग्रॅम चांदी पुरते. पाच तोळ्यांच्या पैंजणांची चांदी अशी पसरली तर जवळपास एक एकर फिल्म होईल. खर्च होतो तो तारा बनवण्यावर आणि धुण्यावर.

तारा बनवायची रुळलेली रीत अशी. इथिलीन ग्लायकॉल १६० अंशांच्या आसपास तापवतात. त्यात पीव्हीपी नावाचं पॉलिमर आणि क्लोराइडचा अगदी थोडा अंश असतो. मग सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण थेंबाथेंबाने सोडतात. पीव्हीपी स्फटिकाच्या बाजूंना चिकटतं आणि टोकं मोकळी ठेवतं, म्हणून चांदी फक्त लांबीत वाढते. घाईने ओतलं की तारांऐवजी गोळ्या होतात. फार जोरात ढवळलं की तारा आखूड राहतात. जमलं की द्रावण करडं होतं आणि भांडं हलवल्यावर त्यात रेशमी चकाकीच्या लाटा फिरताना दिसतात. हे काम वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडखालीच करावं आणि हातमोजे घालूनच. सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग कातडीवरून लवकर जात नाहीत आणि इथिलीन ग्लायकॉल पोटात गेलं तर विषारी आहे.

पुढे ॲसिटोन आणि अल्कोहोलने धुणं, आणि सगळ्यात जास्त नमुने इथेच बिघडतात. धुणं कमी पडलं तर तारेवर पीव्हीपीचं वेष्टण राहतं, दोन तारा एकमेकींवर पडूनही वीज पलीकडे जात नाही. अल्ट्रासोनिक बाथमध्ये जास्त वेळ ठेवलं तर तारा तुटतात आणि लांबीसाठी केलेली मेहनत वाया जाते. तारांच्या द्रावणाचा, म्हणजे शाईचा, थर फिल्मवर ओढून झाल्यावर ती हलकी तापवतात, रोलरखाली दाबतात किंवा प्रखर प्रकाशाचा क्षणिक झोत देतात, म्हणजे छेदबिंदू एकमेकांत वितळून जुळतात. या एका पायरीने रोध खूप उतरतो. फिल्म सुकताना कडेला तारांची दाट किनार जमत असेल तर शाई फार पातळ आहे किंवा सुकणं असमान होतंय.

चांगल्या नमुन्यात १० ते ५० ओहम आणि ९० टक्क्यांच्या आसपास पारदर्शकता मिळते. वाकवण्यात ही फिल्म आयटीओला सहज मागे टाकते, कारण बारीक तारा सहज वाकतात, तडकत नाहीत. खोड एक आहे: तारांवर प्रकाश विखुरतो आणि पडदा किंचित धुरकट दिसतो. तारा जितक्या जाड, तितका धुरकटपणा जास्त.

## भेगांच्या साच्यातली जाळी

मे महिन्यात आपल्या काळ्या रानाला भेगा पडतात. ओल उडते, माती आकसते, पण खालच्या थराला धरून असल्यामुळे मोकळेपणी आकसू शकत नाही, मग फाटते. नीट पाहिलं तर बहुतेक भेगा दुसऱ्या भेगेला जाऊन मिळतात. रानभर एक सलग जाळं तयार होतं.

बंगळुरूत प्रा. जी. यू. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच भौतिकीचा उपयोग केला. काचेवर किंवा प्लास्टिकवर सुकताना तडकणाऱ्या द्रवाचा पातळ थर द्यायचा. तो सुकून भेगाळला की वरून धातूची वाफ बसवायची. धातू भेगांतही बसतो आणि वरही. मग तडकलेला थर विरघळवून काढायचा. वरचा धातू त्याच्याबरोबर निघून जातो, भेगांतला मागे राहतो. काही मायक्रॉन रुंद रेषांची, सलग धातूची जाळी हाती येते.

मला ही पद्धत विशेष मोलाची वाटते, आणि ती देशी आहे एवढंच त्याचं कारण नाही. चांदीच्या तारांत छेदबिंदूचा रोध हा सगळ्यात मोठा तोटा. इथे छेदबिंदूच नाहीत, धातू एका जिवाचा आहे. लिथोग्राफीची, म्हणजे प्रकाशाने बारीक नक्षी उमटवण्याची, महागडी यंत्रं लागत नाहीत. शिवाय भेगांची रचना अनियमित असल्यामुळे नियमित जाळी आणि पडद्याच्या पिक्सेलांच्या रांगा एकमेकांवर आल्यावर दिसणारे नागमोडी पट्टे इथे उमटत नाहीत. थर कमीजास्त जाड बसला की भेगांची रुंदी आणि अंतर बदलतं, ते सांभाळावं लागतं. द्रवात धूळ पडली तर त्या कणापासून भेगा फाकतात.

## ग्राफीन येणार होतं, त्याचं काय झालं?

२०१० मध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव यांना ग्राफीनसाठी नोबेल मिळालं. त्याच वर्षी कोरियात ३० इंचांची ग्राफीन फिल्म रोलरवर तयार झाली. कार्बनच्या एका अणूच्या जाडीचा हा थर प्रकाशाचा फक्त २.३ टक्के भाग शोषतो आणि चांगला वाकतो. अडचण बनवण्यात आहे. तो तांब्याच्या पत्र्यावर सुमारे हजार अंशांना वाढवावा लागतो, मग तांबं विरघळवून प्लास्टिकवर उचलावा लागतो. या उचलण्यात तो फाटतो, सुरकुततो, मळ धरतो. एक थर पुरत नाही, वर्धक रसायन लावलेले तीन-चार लागतात. पदार्थात खोट नाही, पण एकर-एकर फिल्म स्वस्तात, निर्दोष उचलणं अजून कठीण आहे.

वीज वाहणारं प्लास्टिक, पेडॉट-पीएसएस, हाताळायला सगळ्यात सोपं आहे. निळसर झाक असलेलं पाण्यातलं द्रावण मिळतं. नुसतं वापरलं तर वीज फार कमी वाहते. त्यात ५ टक्के डीएमएसओ नावाचं द्रावक घातलं की वाहकता शेकडो पट वाढते, कारण पेडॉटच्या साखळ्या जवळ येऊन जुळतात. ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, साबण-पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेल्या पीईटीवर मिनिटाला हजार-दोन हजार फेऱ्यांनी फिरवून पसरवा, १२० अंशांवर १० ते १५ मिनिटं भाजा. द्रावण थेंब-थेंब होऊन गोळा होत असेल तर पीईटीवर तेलकटपणा आहे किंवा द्रावण पृष्ठभागावर पसरायला मदत करणारं द्रव्य घालायचं राहिलंय. खोट अशी की त्यातला पीएसएस हा घटक आम्लधर्मी असतो आणि हवेतलं पाणी ओढतो. पावसाळ्यात या फिल्मचा रोध सरकत राहतो.

## वाकणं वेगळं, ताणणं वेगळं

इथे बातम्यांत सर्रास घोळ होतो. घडीच्या फोनला एक-दोन टक्के ताण सोसायचा असतो. कातडीवर चिकटणाऱ्या तपासणीपट्टीला ३० टक्के सोसावा लागतो, कारण आपली कातडीच तेवढी ताणली जाते, आणि गुडघ्यावर त्याहूनही जास्त. घडीला चालणारा पदार्थ ताणाला चालेलच असं नाही.

सिलिकॉन रबरात चांदीच्या तारा रुतवल्या तर त्या काही प्रमाणात साथ देतात. पहिल्या ताणातच रोध वाढतो आणि पूर्ण खाली येत नाही, म्हणून अशी पट्टी वापरण्याआधी मुद्दाम काही वेळा ताणून मुरवतात. दुसरी युक्ती म्हणजे रबर आधी ताणून धरायचं, वर पातळ थर चिकटवायचा आणि रबर सोडून द्यायचं. थराला बारीक चुण्या पडतात. पुढे ताण दिला की थर ताणला जात नाही, चुण्या उलगडतात. मात्र चुण्यांवर प्रकाश विखुरतो, स्वच्छपणा जातो.

तिसरी वाट मुळापासून वेगळी आहे. इलेक्ट्रॉनऐवजी क्षारांचे आयन वीज नेतात. २०१३ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी मीठ मिसळलेल्या पाणीदार जेलपासून पारदर्शक, ताणता येणारा ध्वनिवर्धक करून दाखवला. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये अशा जेलचं टचपॅड झालं, ते मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणलं तरी बोट ओळखत होतं. हे जेल जवळजवळ पाण्याइतकं स्वच्छ असतं. पण त्यातून सरळ प्रवाह सतत सोडला तर पाण्याचं विघटन होऊ लागतं, म्हणून प्रवाह आलटून-पालटून द्यावा लागतो. आणि ते वाळतं. मराठवाड्यातल्या एप्रिलच्या कोरड्या हवेत उघडं जेल फार टिकणार नाही. साध्या मिठाऐवजी लिथियम क्लोराइड घातलं तर ते हवेतला ओलावा धरून ठेवतं, तरीही वर रबराचं पातळ वेष्टण लागतंच.

## इंडियम थांबलं तर फोन थांबतील का?

नाही. एका फोनच्या पडद्याचा हिशेब करू: १०० चौरस सेंटिमीटर, १५० नॅनोमीटर जाडी. त्यात आयटीओ भरतो साधारण ११ मिलिग्रॅम, आणि त्यातलं इंडियम ८ मिलिग्रॅम. एवढ्याने फोनची किंमत ठरत नाही. खरी अडचण पुरवठ्याच्या स्वरूपात आहे. इंडियमची स्वतंत्र खाण नसल्यातच जमा, ते मुख्यतः जस्त शुद्ध करताना उपउत्पादन म्हणून मिळतं. भाव वाढला म्हणून कोणी जास्त जस्त काढत नाही. जगातलं निम्म्याहून जास्त शुद्ध इंडियम चीनमध्ये तयार होतं, आणि २०२५ ची अट परवान्याची आहे, बंदीची नाही. स्पटरिंगमध्ये ठोकळ्याचा बराच भाग पेटीच्या भिंतींवर बसतो किंवा ठोकळ्यातच उरतो. तो परत मिळवून पुन्हा वापरला जातो, आणि हा पुनर्वापर पुरवठ्याचा मोठा आधार आहे.

म्हणून इंडियम संपेल या भीतीने पर्याय येणार नाहीत. ते येतील वाकण्याच्या आणि ताणण्याच्या गरजेने. ताठ काचेवर आयटीओ अजून बराच काळ राहील, आणि तिथे त्याला हलवायची घाई करण्यात अर्थ नाही.

## आपल्या हवेत काय टिकेल?

परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, बंद गाडीत त्याहून कितीतरी वर. नंतर चार महिने दमट हवा. कातडीवरची पट्टी असो की शेतातला संवेदक, हे दोन्ही त्याला सोसावं लागणार.

चांदीचं पहिलं वैर गंधकाशी. पैंजण काळे पडतात तो सिल्व्हर सल्फाइडचा थर. जाड पैंजणाचं त्याने काही बिघडत नाही. ३० नॅनोमीटरच्या तारेवर काही नॅनोमीटर सल्फाइड चढलं की वाट आवळते. शेणखताचा खड्डा, गटार, मळीचं पाणी, जिथे जिथे सडका वास येतो तिथे बहुधा गंधक असलेला हायड्रोजन सल्फाइड वायू असतो. गोठ्याजवळ लावायच्या उपकरणात उघडी चांदीची तार वापरू नये. दुसरं वैर दमटपणा आणि व्होल्टेज यांच्या जोडीशी. शेजारच्या दोन पट्ट्यांत चांदीचे आयन सरकतात, बारीक फांद्या वाढतात आणि शॉर्ट होतो. वरून रोधक लेप हवाच, आणि कडा बंद हव्यात, कारण पाणी वरून शिरतं त्यापेक्षा कडेने जास्त शिरतं.

फिल्म विकणाऱ्याला काय विचारायचं? ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत १,००० तास ठेवल्यावर रोध किती टक्के वाढला? कुठल्या त्रिज्येत वाकवलं, थर आत होता की बाहेर? किती वेळा? घडीच्या फोनसाठी २ लाख घड्यांचा दावा केला जातो, रोज १०० घड्या धरल्या तर ती साडेपाच वर्षं होतात. रोध वाकलेल्या अवस्थेत मोजला की सरळ करून? या शेवटच्या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळत नसेल तर नमुना मागवून पेन्सिलीची चाचणी स्वतः करावी.

आणि फिल्म कितीही चांगली असली तरी बिघाड बहुतेक वेळा तिच्या मधोमध होत नाही, मऊ फिल्म कडक तांब्याच्या पट्टीला जिथे जोडली जाते तिथे होतो. सगळा वाक त्या एका रेषेवर येतो. सोल्डर करू नका, पीईटी वितळेल. वाहक कणांची चिकटपट्टी वापरा, जोड रुंद ठेवा. जोडाच्या दोन्ही बाजूंनी जाडी एकदम न बदलता पायरीपायरीने उतरेल असा आधार द्या. आणि जोडाची जागा घडीच्या रेषेपासून दूर घ्या.